आकडा कोणत्या प्रमाणाने कळला?

कोलकात्याच्या पूर्वेला, राजारहाटच्या शेतजमिनींवर वसवलेल्या न्यू टाउनमध्ये दोन तऱ्हेची आवारे शेजारी शेजारी उभी आहेत. एकीकडे सॉफ्टवेअर कंपन्या, दुसरीकडे विद्यापीठे: सेंट झेवियर्स, आलिया, प्रेसिडेन्सीचा दुसरा परिसर. मध्ये फक्त रस्ता आहे, पण मनातले अंतर मोठे आहे. वाणिज्य शाखेत लेखाशास्त्रावर पीएच.डी. करणाऱ्याला, तिथे काय किंवा पुण्या-नागपुरात काय, एक उतरंड न शिकवता शिकवली जाते. सिद्धांत, गृहीतक, निष्कर्ष हे वरच्या पायरीवर. डेटा उतरवून घेणे, साफ करणे, दोन फायली जोडणे, चार ओळींचा कोड लिहिणे हे खालच्या पायरीवर. खालचे काम 'तांत्रिक' म्हणायचे, म्हणजे कुणाकडूनही करून घेण्यासारखे. विद्यापीठांच्या आसपास 'डेटा अॅनालिसिस करून मिळेल' अशा पाट्या लागतात त्या याच समजुतीवर. ही समजूत चुकीची आहे असे मला म्हणायचे आहे, आणि ते नोकरीच्या बाजाराकडे बोट दाखवून नव्हे. संशोधकाला आपला आकडा कळला आहे की नुसता मिळाला आहे, हा ज्ञानमीमांसेचा जुना प्रश्न आहे, आणि डेटा हाताळण्याचे कौशल्य त्या प्रश्नाच्या उत्तराचाच भाग आहे.

प्रश्न जुना म्हणजे किती जुना, हे बंगालइतके कुणाला ठाऊक असायला हवे? कोलकात्यावरून वाहणारी हुगळी वर भागीरथी होते आणि तिच्या काठी नवद्वीप आहे. मिथिलेच्या गंगेशाने चौदाव्या शतकात 'तत्त्वचिंतामणि' लिहून नव्यन्यायाची घडी बसवली. रघुनाथ शिरोमणीच्या काळापासून त्या विद्येचे पीठ नवद्वीपला आले. विसाव्या शतकात जितेंद्रनाथ मोहंती यांनी गंगेशाचा प्रामाण्यवाद १९६६ साली इंग्रजीत आणला, आणि कोलकात्यात घडलेल्या बिमल कृष्ण मतिलाल यांनी ही सगळी चर्चा ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञांसमोर ठेवली. आपल्याकडे या शास्त्रातला शब्द अडला की आजही जो 'न्यायकोश' उघडतात, तो मुंबईत शिकवणाऱ्या भीमाचार्य झळकीकरांचा. थोडक्यात, साहित्य हाताशी आहे. वाणिज्याच्या इमारतीतून तत्त्वज्ञानाच्या इमारतीत कुणी जात नाही एवढेच.

ज्ञानाचे खरेपण कसे ठरते याविषयी मीमांसा आणि न्याय या दोन दर्शनांतला वाद असा आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान झाले की त्याचे खरेपण त्याच्यासोबतच येते. ते खोटे ठरवायला मात्र बाहेरून बाधक काही यावे लागते. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, खरेपण काय नि खोटेपण काय, दोन्ही बाहेरूनच ठरतात: त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती यशस्वी झाली की नाही, किंवा ते आधी तपासलेल्या ज्ञानाच्या जातीचे आहे की नाही, यावरून. हे परतःप्रामाण्य. आता सीएमआयईच्या 'प्रोवेस' या कंपन्यांच्या डेटाबेसमधून दहा वर्षांचा नफा, कर्ज आणि एकूण मालमत्ता उतरवून घेणारा विद्यार्थी पाहा. फाईल उघडते, आकडे रांगेत बसलेले असतात, दशांशापर्यंत नेमके दिसतात. त्या नेमकेपणामुळेच तो नकळत मीमांसक होतो. बाधक आले तर पाहू, तोवर सगळे खरे. पण बाधक येणार कुठून? ते आपल्या पायांनी चालत येत नाही. कुणीतरी ते शोधावे लागते, आणि शोधायचे साधन ज्याच्या हातात नाही त्याच्यापुरते ते कधीच येत नाही. वेदासाठी हे स्वतःप्रामाण्य कितपत चालते तो वाद वेगळा. कंपनीच्या ताळेबंदासाठी ते चालत नाही.

कारण ताळेबंद हा पाहिलेला पदार्थ नाही, सांगितलेला आहे. तो शब्दप्रमाणात मोडतो. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची, म्हणजे विश्वासार्ह सांगणाऱ्याची, कसोटी सोपी ठेवली: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. ही कसोटी डेटाबेसला लावली की आकड्यामागची रांग दिसू लागते. कंपनीने सांगितले, लेखापरीक्षकाने सही केली, डेटाबेसच्या माणसाने टंकित केले, विद्यार्थ्याने उतरवून घेतले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केले की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. हा आकडा ज्या डेटाबेसने ५,३६१ असा नोंदवला त्याने काहीही चूक केली नव्हती. कंपनी काय म्हणाली, याचे ते अचूक ज्ञान होते. कंपनीकडे काय होते, याचे ते ज्ञानच नव्हते. या दोन वाक्यांतला फरक ज्याला आपल्या फाईलमध्ये जागच्या जागी दाखवता येतो, मूळ वार्षिक अहवालाशी नमुना ताडून, नंतर फिरवलेले आकडे वेगळ्या स्तंभात ठेवून, त्यालाच आपला निष्कर्ष नेमका कशाबद्दल आहे हे माहीत असते. बाकीच्यांच्या बाबतीत, जुन्या भाषेत सांगायचे तर, विश्वास गेला पानिपतात.

पण फसवणूक हे टोकाचे उदाहरण झाले, आणि टोकाच्या उदाहरणांनी माणूस निर्धास्त होतो. खरी गंमत रोजच्या कामात, कोऱ्या रकान्यात आहे. समजा 'संशोधन व विकास खर्च' या स्तंभात एका कंपनीसमोर काहीच लिहिलेले नाही. हा अभाव कोणता? वैशेषिकांनी अभावाला चक्क पदार्थाचा दर्जा दिला आणि त्याचे चार प्रकार केले, याची आपण शाळेत थट्टा करत आलो. पण डेटाच्या फाईलपुढे बसले की ती थट्टा अंगावर येते. कंपनी त्या साली स्थापनच झाली नव्हती, तर तो प्रागभाव. कंपनी निबंधकाच्या यादीतून काढून टाकली गेली, तर प्रध्वंसाभाव; आणि २०१७-१८ मध्ये सरकारने सुमारे २ लाख २६ हजार कंपन्या अशा काढून टाकल्या तेव्हा, 'बनावट कंपन्या' म्हटले की ज्या शहराचे नाव प्रथम निघते त्या कोलकात्यात, हा काही दुर्मीळ प्रकार नव्हता. त्या व्यवसायात असा खर्च असूच शकत नाही, तर अत्यंताभाव. खर्च केला पण वेगळ्या शीर्षाखाली टाकला, म्हणजे हे खाते ते नव्हे, तर अन्योन्याभावाच्या आसपासचे काहीतरी. आणि या चारांखेरीज पाचवी शक्यता, की खर्च झाला आणि कंपनीने सांगितलाच नाही. तिथे अभाव खर्चाचा नसून आपल्या ज्ञानाचा आहे. कोरा रकाना एकच, अर्थ पाच. आता सॉफ्टवेअर काय करते? 'स्टेटा'मध्ये कोरी किंमत ही कोणत्याही संख्येहून मोठी धरली जाते. तेव्हा 'नफा शून्याहून जास्त असलेल्या कंपन्या निवड' अशी साधी आज्ञा दिली की ज्यांचा नफा माहीतच नाही त्याही निमूट नफ्यातल्या रांगेत जाऊन बसतात. पायथनच्या 'पांडाज'मध्ये नुसत्या कोऱ्या किमतींची बेरीज शून्य येते: ठाऊक नसलेल्यातून 'काही नाही' असा ठाम आकडा तयार. एक्सेलमध्ये कुणीतरी सगळे कोरे रकाने एका झटक्यात शून्याने भरतो, आणि फाईल कशी नीटनेटकी दिसते! प्रत्येक वेळी एक तत्त्वज्ञानविषयक निर्णय घेतला गेला आहे आणि तो कुणीच घेतलेला नाही. गाईडला वाटते विद्यार्थ्याने पाहिले असेल, विद्यार्थ्याला वाटते सॉफ्टवेअरला कळत असेल.

अशाच आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. १९५६ च्या कंपनी कायद्यात आर्थिक वर्ष पंधरा महिन्यांपर्यंत आणि निबंधकाच्या परवानगीने अठरापर्यंत लांबवता येत असे. त्यामुळे जुन्या आकडेवारीत एखाद्या कंपनीचा नफा एका वर्षात पंचवीस टक्क्यांनी उडी मारतो ते बऱ्याचदा नुसते तीन महिने जास्त धरल्यामुळे. किती महिन्यांचा हिशेब आहे तो स्तंभ उतरवूनच घेतला नसेल तर हे कळायला मार्ग नाही. दुसरी गोष्ट ओळखीची. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरांचा सीआयएन असतो: सुरुवातीला शेअर बाजारात नोंद असल्यास 'एल', नसल्यास 'यू', मग उद्योगाचा संकेतांक, राज्याची दोन अक्षरे, स्थापनेचे साल, कंपनीचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक. फायली जोडायला सगळे हाच क्रमांक वापरतात, कारण तो स्थिर वाटतो. पण कोलकात्यातल्या कंपनीने नोंदणीकृत कार्यालय मुंबईला हलवले की राज्याची अक्षरे बदलतात, आणि बाजारात नोंद झाली की पहिले अक्षर. मग तीच कंपनी तुमच्या फाईलमध्ये एकदा मरते आणि एकदा नव्याने जन्मते. कोलकाता सोडून गेलेल्या उद्योगांवर कुणी प्रबंध लिहीत असेल तर त्याने ज्यांचा अभ्यास करायचा नेमक्या त्याच कंपन्या जोडणीत गळालेल्या असतात. 'तेच हे' कशावरून म्हणायचे, कोणत्या अवच्छेदकाने, म्हणजे वेगळेपण दाखवणाऱ्या कोणत्या खुणेने, हा नव्यन्यायाचा आवडता खेळ होता. इथे तो खेळ चुकला तर प्रबंध चुकतो.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. शेवटी निष्कर्ष बरोबर आला ना? मग मधल्या खटपटीची एवढी चिकित्सा कशाला? याचे उत्तर श्रीहर्षाच्या एका उदाहरणात आहे. मुठीत कवड्या किती, असे विचारल्यावर एखाद्याने अंदाजाने 'पाच' म्हटले आणि मूठ उघडल्यावर त्या पाचच निघाल्या. तर त्याला ते ज्ञान होते म्हणायचे का? श्रीहर्षाला नैयायिकांच्या व्याख्या मोडायच्या होत्या, म्हणून त्याने हा पेच टाकला. पण ज्या बंगालात एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत कवड्या हेच चलन होते तिथे तो निव्वळ पंडिती वाटत नाही. उत्तर बरोबर येणे आणि उत्तर कळणे यांत जे अंतर आहे, तेच पीएच.डी. या पदवीचे क्षेत्र आहे. बरोबर उत्तर दलालालाही देता येते.

आणि उत्तर बरोबर येतेच असेही नाही. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी मांडले की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेले की सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर घसरते. त्या वाक्याचा आधार घेऊन अनेक देशांत काटकसरीची धोरणे रेटली गेली. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या टॉमस हर्न्डन या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल फाईल मागवली आणि दिसले ते असे, की सरासरीच्या सूत्रात ४९ व्या ओळीपर्यंत जायचे ते ४४ व्या ओळीवरच थांबले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हिशेबातून बाहेर. ही गोष्ट सगळे एवढीच सांगतात आणि एक्सेलला हसतात. मला तिचा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या पाच ओळींनी आकडा थोडाच हलला होता. मोठा फरक पडला होता काही वर्षे वगळल्यामुळे आणि प्रत्येक देशाला सारखे वजन दिल्यामुळे: न्यूझीलंडचे एकच वाईट वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचे, ब्रिटनच्या एकोणीस वर्षांच्या बरोबरीने मोजले गेले. हर्न्डन आणि त्याच्या प्राध्यापकांनी हे सगळे सरळ करून काढलेली सरासरी अधिक २.२ टक्के निघाली. म्हणजे वजन कुणाला किती द्यायचे, हा अर्थशास्त्राचाच निर्णय होता, आणि तो लेखाच्या शब्दांत नव्हे तर फाईलच्या खाचाखोचांत घेतला गेला होता. ज्याला फाईल वाचता येत नाही त्याला सिद्धांतही पुरता वाचता येत नाही. लेखाशास्त्राला तर घरचेच उदाहरण आहे. जेम्स हंटन या लेखाशास्त्राच्या प्राध्यापकाचे तीसहून अधिक लेख नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. त्यांतला पहिला, २०१२ मध्ये मागे घेतलेला, लेखापरीक्षकांनी फसवणूक कशी ओळखावी यावरच होता. सहलेखकांनाही मूळ डेटा पाहायला मिळालेला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मीमांसकांनी केव्हाच घेतला होता: अनवस्था. ज्ञान तपासायला दुसरे ज्ञान, ते तपासायला तिसरे. मग विद्यार्थ्याने कोड तपासायचा, कोड चालवणारे सॉफ्टवेअर तपासायचे, त्याखालची चिपही तपासायची काय? प्रबंध कधी लिहायचा? नैयायिकांचे उत्तर समंजस आहे. प्रत्येक ज्ञान तपासल्यावाचून कृतीच करू नये, असे परतःप्रामाण्य म्हणत नाही. शंकेला कारण असेल तिथे तपासावे, आणि नैयायिक उदयनाने म्हटल्याप्रमाणे शंका आपल्याच व्यवहाराशी विसंगत होऊ लागली की ती थांबते. सरासरी काढणाऱ्या आज्ञेवर रोज लाखो लोक विसंबतात आणि ती चुकली तर लगेच बोंब होईल. तिच्यावर शंका घेणे हा चाळा आहे. पण दोन फायली जोडल्यावर चार हजारांच्या जागी साडेतीन हजार ओळी उरल्या, तर त्या पाचशे कुठे गेल्या ही शंका सकारण आहे आणि ती फेडायला अर्धा दिवस लागतो. कुठे थांबायचे हे कळण्यासाठी आधी कुठे पाहायचे हे कळावे लागते. निरक्षराची शंका सर्वत्र सारखीच असते, म्हणून ती कुठेच उपयोगी पडत नाही.

तिसरा आक्षेप श्रमविभागणीचा. शल्यविशारद काही सुऱ्या घडवत नाही. मग लेखाशास्त्राच्या अभ्यासकाने डेटाचे काम जाणकाराकडे का सोपवू नये? सोपवावे की; नैयायिक शब्दप्रमाण मानतातच. पण मग जाणकार आप्त आहे का ते पाहावे लागेल, आणि त्याने 'वस्तू स्वतः जाणलेली' असावी लागेल. पाटी लावून बसलेल्या माणसाला संख्याशास्त्र येत असेल. पंधरा महिन्यांचे वर्ष आणि बदललेला सीआयएन त्याच्या गावी नसतो. ज्याला ते ठाऊक असायला हवे तो विद्यार्थी बाहेर बाकावर बसलेला. इथे एकनाथांची आख्यायिका आठवावी. जनार्दनस्वामींनी देवगिरीच्या हिशेबातली एका पैची चूक शोधायला सांगितली, नाथांनी रात्र जागवली, चूक सापडल्यावर टाळी वाजवली, आणि गुरू म्हणाले की एवढ्याशा चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर किती होईल. कीर्तनात भर असतो तो शेवटच्या वाक्यावर. पण ते वाक्य ऐकायची पात्रता कशाने आली? हिशेब दुसऱ्या कारकुनाकडे सरकवला असता तर पै सापडली असती, टाळी वाजली नसती. स्वामींनीही पैला क्षुद्र म्हटले नाही. तिथूनच त्यांनी पुढची वाट दाखवली.

हल्ली याच आक्षेपाचा नवा अवतार आला आहे: कोड तर एआय लिहून देतो. देतो, आणि बहुधा नेटका देतो. पण आप्ताच्या दोन्ही अटी तो पुऱ्या करत नाही. त्याने तुमची कंपनी पाहिलेली नाही, आणि जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा हा शब्दच त्याला लागू करता येत नाही. 'नफ्यातल्या कंपन्या निवड' म्हटल्यावर तो वर सांगितलेली आज्ञाही बिनदिक्कत लिहून देऊ शकतो, कोऱ्या रकान्यांसकट. तेव्हा इथे प्रामाण्य संपूर्णपणे बाहेरूनच आणावे लागते. लिहिण्याचे कष्ट कमी झाले. वाचण्याची जबाबदारी होती त्याहून वाढली. कोड लिहायला शिकावे की नाही यावर वाद घालता येईल, वाचायला शिकण्यावर नाही.

यात एक विसंगती अशी आहे की तिच्यावर हसावे की चिडावे कळत नाही. १ एप्रिल २०२३ पासून या देशातली जी कंपनी हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरते, मग ती कितीही छोटी असो, तिच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह टिपला गेला पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा कंपनी लेखा नियमांचा दंडक आहे. लेखापरीक्षकाला त्यावर अभिप्राय द्यावा लागतो. त्या कंपन्यांच्या हिशेबांवर प्रबंध लिहिणारा मात्र 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशा नावांच्या फायली ठेवतो आणि कोणता आकडा कधी, का बदलला हे त्यालाच सांगता येत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातल्या शब्दांचे साधर्म्य सॉफ्टवेअर लावून मोजले जाते, दहा टक्क्यांपुढे गेले की विचारणा होते. तक्त्यांतले आकडे पुन्हा काढून पाहावेत, असे मात्र कुणीच सांगत नाही. वाक्य उसने असेल तर गुन्हा, आकडा निराधार असेल तर चालते! ज्या शास्त्राचे सगळे वजन 'पुरावा दाखवा' या दोन शब्दांवर उभे आहे, त्या शास्त्रात हे चालावे हे मला तरी समजत नाही.

पैशांची अडचण खरी आहे. प्रोवेसची वर्गणी प्रत्येक विद्यापीठाला झेपत नाही, स्टेटाचा परवानाही स्वस्त नाही. पण आर आणि पायथन फुकट आहेत, आणि बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कुणालाही उघडता येतात. दुसरी अडचण मार्गदर्शकांची: ज्यांना स्वतःला कोड वाचता येत नाही ते शिकवणार काय? हर्न्डनने ती फाईल मागवली होती ती एका कोर्सचा गृहपाठ म्हणून: छापून आलेला एखादा निबंध घ्या आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. असा गृहपाठ द्यायला गाईडला कोड येण्याची गरज नाही. तक्ता जुळला की नाही एवढे पाहता आले की पुरे. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएच.डी.साठी किमान बारा क्रेडिटचा कोर्सवर्क आहेच. त्यातल्या दोनांत भारतीय कंपन्यांवरचा एक प्रसिद्ध तक्ता घ्यावा, मूळ अहवालांपासून तो पुन्हा उभा करावा, आणि जुळला नाही तर तो कोणत्या ओळीपासून जुळेनासा झाला ते लिहून द्यावे. व्हायवाला परीक्षकाने तेवढाच कागद मागितला तरी बराच वेळ जाईल.